चिवटपणाचे कौतुक कोणासाठी? : ‘ताक्लुब’च्या निमित्ताने

आपत्तीवरील चित्रपटांची एक ठरीव वाट असते. आधी निसर्गाचे तांडव, मग आक्रोश, त्यानंतर माणुसकीचे दर्शन आणि अखेरीस ढिगाऱ्यातून उगवणारी आशा. ब्रिलान्ते मेंडोझा या फिलिपिनो दिग्दर्शकाचा ‘ताक्लुब’ (२०१५) या वाटेने जात नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा वादळ कधीच होऊन गेलेले असते. उरलेले असते ते केवळ जगणे. हा चित्रपट आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो याच कारणासाठी.

८ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘हैयान’ हे महावादळ फिलिपिन्सच्या पूर्व किनाऱ्यावर आदळले. तेथील लोक त्याला ‘योलांदा’ म्हणतात. अधिकृत आकड्यांनुसार सहा हजार तीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारांवर बेपत्ता झाली. सर्वाधिक तडाखा बसला तो लेते बेटावरील ताक्लोबान शहराला, आणि तोही वाऱ्यापेक्षा समुद्राचा. ‘स्टॉर्म सर्ज’चा इशारा दिला गेला होता, परंतु त्या परक्या शब्दाचा अर्थ समुद्र घरात शिरणार असा होतो, हे अनेकांना उमगलेच नाही. भाषेचे अध्यापन करणाऱ्या आम्हांला ही गोष्ट विशेष अस्वस्थ करते. शब्द पोहोचला, अर्थ पोहोचला नाही, आणि मधल्या अंतरात माणसे बुडाली.

चित्रपटाच्या आरंभीच निर्वासितांच्या वस्तीतील एका तंबूला आग लागते आणि एक कुटुंब होरपळून जाते. पाण्यातून वाचलेली माणसे आगीत मरतात. वादळ संपले म्हणजे संकट संपले, हा प्रेक्षकाचा समज येथेच मोडतो. नोरा औनोर यांनी साकारलेली बेबेथ छोटीशी खानावळ चालवते. तिची तीन मुले बेपत्ता आहेत. सामूहिक दफनभूमीत ती आहेत की नाहीत हे कळावे म्हणून विभक्त झालेल्या नवऱ्याने डीएनएचा नमुना द्यावा, यासाठी तिची खटपट चालते. पत्नी गमावलेला लॅरी खांद्यावर क्रूस घेऊन देवाशी हिशेब मांडू पाहतो. तरुण एर्विन आईवडिलांचा मृत्यू धाकट्या बहिणीपासून लपवून ठेवतो. यांपैकी कोणीही वीर नाही. बेबेथच्या चेहऱ्यावर दुःखाचा उद्रेक क्वचितच दिसतो. दिसते ते काम. भांडी घासणे, वर्गणी गोळा करणे, कार्यालयात वाट पाहणे.

‘रेझिलियन्स’ या शब्दासाठी मराठीत चिवटपणा, जिद्द, सोशिकपणा असे पर्याय सुचतात. यांतला कोणता निवडावा हा प्रश्न केवळ कोशाचा नाही. जिद्द माणूस स्वतः धरतो. सोसणे बहुधा त्याच्यावर लादलेले असते. योलांदानंतर फिलिपिनो माणसाच्या चिवटपणाचे गोडवे इतके गायले गेले, की पुनर्वसन का रखडले हा प्रश्न विचारणे जणू अप्रशस्त ठरावे. आपल्याला हे अनोळखी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, आणि लगेचच ‘मुंबईच्या स्पिरिट’ची आरती सुरू झाली. दुसऱ्या दिवशी कामावर जाणारा माणूस पोटासाठी जात होता. त्याच्या नाइलाजाला शौर्याचे नाव देणे सोयीचे होते. मग मिठी नदीचे काय झाले, हे विचारण्याची निकड उरत नाही.

मेंडोझांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ते गरिबांचे हाल युरोपातील महोत्सवांपुढे मांडतात. ‘किनाताय’साठी २००९ साली त्यांना कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला; ‘ताक्लुब’ही तेथेच २०१५ साली दाखवला गेला. हातात धरलेला, सतत हलणारा कॅमेरा कधीकधी माणसांच्या फार जवळ जातो हे आम्हांलाही मान्य आहे. शिवाय व्यवस्थेला तो थेट जाब विचारत नाही, हीही उणीव म्हणता येईल. तरीही आक्षेपाचा मुख्य भाग आम्हांस पटत नाही. हालअपेष्टांचे प्रदर्शन मांडणारी कलाकृती प्रेक्षकाला अखेरीस रडवून मोकळे करते. येथे तशी सुटका नाही. बेबेथचे दुःख पाहून आपण हळहळावे, तोवर ती पुढच्या कामाला लागलेली असते.

‘ताक्लुब’चे इंग्रजी नाव ‘ट्रॅप’, म्हणजे सापळा. शहराचे नावही मासे धरण्याच्या बांबूच्या टोपलीवरून आले असे सांगतात. सापळ्यात सापडलेला जीव धडपडतो तेव्हा त्याच्या धडपडीची स्तुती करणारा आणि सापळा उघडणारा, हे दोघे वेगळे असतात. अशा प्रसंगी आपण यांपैकी कोण असतो, हे प्रत्येक पावसाळ्यापूर्वी स्वतःस विचारून पाहण्याजोगे आहे.