पाण्याची गाडी आज येणार नाही

गेल्या आठवड्यात पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांसमोर एक चर्चा झाली. त्यात एका ज्येष्ठ संपादकांनी ठासून सांगितलं, की पाणी कधी येणार, कोणाचं कुत्रं हरवलं, कुठली सभा कुठल्या सभागृहात, या झाल्या सूचना. बातमी ही वेगळी गोष्ट. मुलांनी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. मला ते अजिबात पटलं नाही. मुलांना चुकीचं शिकवलं जातंय असं मनापासून वाटलं आणि आठवडाभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. त्याला उत्तर द्यायचं तर मला थेट आर्क्टिक गाठावं लागेल.

या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे, की आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांविषयी मी इथे आधीही लिहिलेलं आहे. त्यामुळे ओळख थोडक्यात उरकतो. नुनावुत हा कॅनडाचा सगळ्यात उत्तरेचा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झाला. विस्तार महाराष्ट्राच्या सहा पटींहून जास्त, आणि २०२१ च्या जनगणनेत माणसं भरली ३६,८५८. गावं पंचवीस. एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. विमानाने जायचं, नाहीतर उन्हाळ्यात बोटीने आणि हिवाळ्यात स्नोमोबिलवरून. जड सामान उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की जहाजाने येतं. इकालुइत या राजधानीच्या गावातून ‘नुनात्सिआक न्यूज’ हे साप्ताहिक निघतं. १९७३ मध्ये ते वेगळ्या नावाने सुरू झालं आणि इंग्रजीबरोबर इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेतही छापलं जातं. पण गावातल्या गावात खबर पोचते ती गावच्या रेडिओवरून.

बहुतेक गावांत हा रेडिओ एक स्थानिक संस्था चालवते. एखादी खोली, माईक आणि टेलिफोन एवढ्यावर काम भागतं. कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे, म्हणजे सीबीसीचे, कार्यक्रम ज्या ट्रान्समीटरवरून ऐकू येतात, तोच दिवसातला काही वेळ गाव आपल्या ताब्यात घेतं. मग फोन वाजायला लागतात. ज्याला जे सांगायचं ते तो फोनवरून थेट गावाला सांगतो. मधे उपसंपादक नाही, शब्दमर्यादा नाही. नातवाचा वाढदिवस आहे. मुलाचा एक हातमोजा रस्त्यात पडलाय. विमान उद्यावर गेलं. चर्चमध्ये संध्याकाळी प्रार्थना आहे. आणि आज बर्फाचं वादळ आहे, पाण्याची गाडी येणार नाही.

ही शेवटची सूचना घ्या. तिथली जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे बहुतेक गावांत जमिनीखालून पाण्याचे नळ नेता येत नाहीत. प्रत्येक घरात एक टाकी पिण्या-वापरण्याच्या पाण्याची आणि दुसरी सांडपाण्याची. एक टँकर पहिली भरून जातो, दुसरा टँकर दुसरी उपसून नेतो. घरांची टंचाई इतकी, की एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन पिढ्या दाटीने राहतात. वादळ लांबलं आणि गाडी आली नाही, तर आज कपडे धुवायचे नाहीत, बाळापुरतं पाणी राखून ठेवायचं, हे घरातल्या बाईला सकाळीच कळायला हवं. यापेक्षा महत्त्वाची बातमी त्या दिवशी तिच्यासाठी दुसरी कोणती असेल?

इकालुइतमध्ये तर काही भागात नळ आहेत. तिथे ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांना नळाच्या पाण्याला इंधनाचा वास यायला लागला. १२ ऑक्टोबरला पाणी पिऊ नका असं जाहीर झालं आणि ते पुन्हा पिण्याजोगं आहे हे सांगायला १० डिसेंबर उजाडला. मधले दोन महिने बाटल्या विमानाने आणल्या गेल्या आणि लोक जवळच्या नदीवर भांडी घेऊन गेले. राजधानीच्या गावात, विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात. जगभरच्या पेपरांनी ती बातमी एकदा दिली आणि सोडून दिली. आज पाणी कुठे मिळणार, उकळून चालेल का, हे रोजच्या रोज सांगायचं काम गावाची जाहीर निवेदनंच करत राहिली.

आर्वियातचं अस्वल तर मुलांच्या वहीत हवंच होतं. हडसनच्या उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे गाव. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ध्रुवीय अस्वलं समुद्र गोठायची वाट बघत या किनाऱ्याने फिरतात, कारण बर्फ झाल्याशिवाय त्यांना सील धरता येत नाही. उपाशी अस्वल गावात शिरतं. २०१० पासून तिथे अस्वलांवर पहारा ठेवणारं पथक आहे. ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन, म्हणजे अंधार पडल्यावर मुलांनी सोंगं काढून घरोघर खाऊ मागत हिंडायचं. त्यात कुणी पांढरा झगा घातलेला, कुणी केसाळ कातडं पांघरलेलं, आणि त्याच अंधारात खरं अस्वल. शेवटी २०१४ मध्ये गावाने ठरवलं, की हॅलोवीन सार्वजनिक सभागृहात आत साजरा करायचा. अस्वल कुठल्या बाजूला दिसलं, हे तिथे लगेच गावभर व्हावं लागतं, कारण शाळा सुटायची वेळ होत आलेली असते. कोणीतरी ते लगोलग सांगतो आणि बाकीचे कान देऊन ऐकतात, म्हणून मुलं घरी पोचतात. संपादकसाहेबांच्या मापाने ही सूचना. मी तिला पहिल्या पानावर, डोक्यावर घेईन.

आणि मला सगळ्यात जास्त भावतं ते मांसाचं निवेदन. शिकारीहून परतलेला माणूस फोन करतो: कारिबू मिळालाय, घराबाहेर ठेवलाय, ज्यांना हवा त्यांनी घेऊन जा. कधी सील, कधी आर्क्टिक चार मासा. पैसे नाहीत, आधी नाव नोंदवायचं नाही. ज्यांच्या घरात शिकारीला जाणारं कोणी उरलेलं नाही, अशी म्हातारी माणसं, एकट्या बायका कुणाला तरी पिशवी देऊन पाठवतात. दुकानात दक्षिणेतून विमानाने आलेलं अन्न आहे, पण ते इतकं महाग, की कित्येक घरांना परवडत नाही. वाटून खायची रीत त्या समाजात फार जुनी. पूर्वी तळावर चार-पाच कुटुंबं असायची, हाकेच्या अंतरावर. सरकारने विसाव्या शतकाच्या मध्यात लोकांना मोठ्या वस्त्यांत आणून बसवलं, घरं लांब-लांब झाली, आणि रेडिओने ती हाक पुन्हा पोचती केली. मांस कोणाला मिळालं, आणि कोणाच्या दारात ते आहे, याहून मोठी स्थानिक बातमी मला तरी सुचत नाही.

बाहेरून आलेल्या आवाजाबद्दल ही माणसं किती सावध होती, ते इग्लूलिक गावाने दाखवलं. उपग्रहामुळे टेलिव्हिजन आर्क्टिकमध्ये पोचू लागला तेव्हा इग्लूलिकने १९७५ मध्ये मतदान घेऊन तो नाकारला. १९७९ मध्ये पुन्हा नाकारला. दिसणार काय, तर दक्षिणेतले इंग्रजी कार्यक्रम. त्यात आपली भाषा नाही, आपलं काहीच नाही, असा रोकडा विचार. १९८१ मध्ये इनुइटांनी स्वतःची प्रसारण संस्था काढली, आपल्या भाषेतले कार्यक्रम दिसणार हे नक्की झालं, तेव्हा कुठे १९८३ मध्ये गावाने टीव्ही घरात घेतला. त्याच गावात राहणाऱ्या झकारियास कुनुक यांनी पुढे संपूर्ण इनुक्टिटुटमध्ये ‘अतानार्जुआत’ हा चित्रपट केला आणि २००१ मध्ये कानच्या महोत्सवात पदार्पणाच्या चित्रपटाचं पारितोषिक त्याला मिळालं. हाक आपल्या भाषेत हवी, हा हट्ट धरणाऱ्या गावातच असं काम उभं राहतं असं माझं मत आहे.

ग्रीनलंडचे इनुइट याबाबतीत आणखी आधीचे. नूक या गावातून १८६१ मध्ये ‘आतुआगाग्दलिउतित’ हे नियतकालिक ग्रीनलंडी भाषेत छापून निघालं. हिन्रिक रिंक हा डॅनिश अधिकारी त्यामागे होता, पण पुढची कित्येक वर्षं संपादन आणि छपाई सांभाळली ती लार्स म्योलर या ग्रीनलंडी माणसाने. जगातल्या घडामोडी त्यात असायच्या, पण शिकाऱ्यांनी लिहून पाठवलेल्या हकिगतीही असायच्या: कोणाची कयाक उलटली, कोण बर्फावर अडकला, कसा सुटला. वाचक आणि बातमीदार एकच. दीडशे वर्षांहून जुनी ही पत्रकारिता त्या वर्गात कोणी शिकवत असेल का?

आता फोन हातात आल्यावर निवेदनं बरीचशी फेसबुकवर गेली, आणि इथे मला खरी काळजी वाटते. कॅनडाने माध्यमांना मोबदला देण्याचा कायदा केला म्हणून फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, ऑगस्ट २०२३ मध्ये कॅनडातल्या वापरकर्त्यांना बातम्यांचे दुवे दिसणं आणि टाकणं बंद केलं. त्याच महिन्यात नुनावुतच्या शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये वणवे पेटले आणि १६ ऑगस्टला यलोनाइफ हे राजधानीचं शहर रिकामं करायचा हुकूम निघाला. कुठला रस्ता चालू आहे, आग कुठवर आली, याच्या बातम्या लोकांना नेहमीच्या जागी एकमेकांना पाठवता येईनात. भांडण सरकारचं आणि कंपनीचं, पण अडकली ती जीव मुठीत घेऊन निघालेली माणसं. गावच्या रेडिओची चावी गावाकडे असते. माझ्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, आणि ज्या गावांनी रेडिओ अजून सांभाळून ठेवलाय त्यांनी तो कुठल्याही सोयीसाठी सोडू नये.

यावरून मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे, आणि आता जागा तिलाच देतो.

१९३३ पासून कॅनडाच्या रेडिओवर ‘नॉर्दर्न मेसेंजर’ नावाचा कार्यक्रम हिवाळ्यात लागायचा. आर्क्टिकमध्ये कामाला गेलेल्या पोलिसांना, व्यापाऱ्यांना, मिशनऱ्यांना घरून आलेले निरोप त्यात वाचून दाखवत. आई बरी आहे, बहिणीला मुलगा झाला. टपाल वर्षातून एकदा पोचणाऱ्या जागी हा केवढा आधार! पण तो कार्यक्रम दक्षिणेतून आलेल्यांसाठी होता. ज्यांचा तो मुलूख, त्यांच्या भाषेत सीबीसी बोलायला लागली ती १९६० च्या सुमाराला.

मधल्या काळात इनुइटांमध्ये क्षय पसरला होता. १९५० पासून ‘सी. डी. हाउ’ हे सरकारी जहाज उन्हाळ्यात पूर्व आर्क्टिकच्या वस्त्यांवर फिरायचं. जहाजावरच छातीचा एक्स-रे काढत. डाग दिसला तर त्या माणसाला पुष्कळदा किनाऱ्यावर परत जाऊच देत नसत. जहाज त्याला तसंच दक्षिणेला घेऊन जायचं. किनाऱ्यावर थांबलेल्या मुलांना आई बोटीतून परत आलेली दिसायची नाही. १९५६ च्या सुमाराला दर सात इनुइटांमागे एक जण दक्षिणेतल्या कुठल्या ना कुठल्या रुग्णालयात होता. एकट्या हॅमिल्टनच्या सॅनेटोरियममध्ये बाराशेहून जास्त इनुइट राहून गेले; पश्चिमेकडच्यांना एडमंटनला नेत. काही वर्षांनी बरे होऊन परतले, आणि त्यांच्यातली जी लहान मुलं होती ती आपली भाषा विसरून आली. काही परतलेच नाहीत. त्यांना तिकडेच पुरलं, आणि कित्येक घरांना ते कोणी कळवलं नाही.

नोंदी होत्या, पण कशा? सरकारने १९४० च्या दशकापासून प्रत्येक इनुइटाला एक नंबर दिला होता, गळ्यात घालायच्या छोट्या चकतीवर कोरलेला. दवाखान्याच्या वहीत हा नंबर, आणि नाव कारकुनाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं, दर वेळी वेगळं. घरच्यांना विचारायचं तर कोणाला विचारणार, आणि कुठल्या भाषेत? उन्हाळा आला, जहाज आलं, आपलं माणूस उतरलं नाही, पुढच्या उन्हाळ्याला पुन्हा किनाऱ्यावर जाऊन उभं राहायचं. गाव मात्र रेडिओच्या टप्प्यात होतं, पोलिसांकडे वायरलेस होता, जहाज ये-जा करत होतं. अमका अमक्या तारखेला गेला, अमक्या ठिकाणी पुरला, एवढं एक निवेदन त्यांच्या भाषेत कुणी वाचलं असतं, तर मुलांना वर्षानुवर्षं वाट बघावी लागली नसती. मरणाची खबर देणं ही सूचना आहे की बातमी, हा वाद त्या मुलांसमोर घालायची माझी छाती नाही.

८ मार्च २०१९ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी इकालुइतमध्ये या सगळ्याबद्दल माफी मागितली. त्याच वेळी ‘ननिलावुत’ या शोधकार्याचीही घोषणा झाली. रुग्णालयांची, दफनभूमींची, जहाजांची कागदपत्रं जुळवून तयार केलेल्या माहितीत कुटुंबांना आपलं माणूस शोधता येतं, चकतीचा नंबर आणि नावाची निरनिराळी स्पेलिंगं ताडून बघता येतात. काहींना कबर सापडली आणि साठ-साठ वर्षांनी ते तिथे जाऊन आले. ज्यांना अजून काही कळलेलं नाही, ती तेव्हाची लहान मुलं आज सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांच्या आईचं काय झालं, हे त्यांच्या हयातीत त्यांना कळायला हवं.