मधल्या फळीतला माणूस

असरची नमाज झाली की भाट्याच्या पुळणीवर मुलांचा फुटबॉल सुरू होतो. ओहोटी असली तर मैदान मोठे, भरती असली तर लहान. दोन बाजूंना चपलांचे जोड ठेवले की गोल तयार. मगरिबची वेळ झाली की खेळ थांबतो आणि वाळूने भरलेले पाय घेऊन मुले पूल ओलांडून घरी येतात.

त्यांतला एक मुलगा आमच्या शेजारचा. अकरावीत शिकतो, अब्बा कुवेतला. मुंबईतल्या एका क्लबच्या निवड चाचणीला जायचे म्हणून त्याने घरात धोशा लावला आहे. अब्बांनी फोनवरून निकाल दिला, "फुटबॉलने पोट भरतं का? बारावी कर, डिप्लोमा घे, मग इकडे बघू." मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. शेवटी त्याची अम्मी आमच्याकडे आली. म्हणाली, "तुम्ही लिहिता-वाचता. तुमचं तो ऐकतो. जरा समजवा त्याला."

आम्ही मुलाला बोलावले, पण समजावले नाही. एका माणसाची हकीकत सांगितली. तीच या महिन्यात वाचकांपुढे ठेवतो.

खालिद जमील यांचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आई-वडील भारतीय. कुवेत म्हटले की रत्नागिरीतल्या किती घरांत कोणी ना कोणी मान वर करील! २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा आपल्याकडे फोनपाशी रात्री जागून काढणाऱ्या आया-बहिणी अजून आहेत. एअर इंडियाच्या विमानांनी त्या वेळी अम्मानहून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय माणसे मायदेशी आणली. त्या युद्धाच्या धामधुमीनंतर खालिद यांचे कुटुंबही भारतात आले. मुंबई त्यांची झाली आणि फुटबॉल त्यांच्याबरोबर आला.

ते मधल्या फळीत खेळत. फुटबॉलमध्ये पुढे खेळणाऱ्याचे नाव होते, कारण गोल तो करतो. गोलरक्षकाचेही होते, निदान चूक झाली की. मधल्या फळीतला मात्र सर्वांत जास्त धावतो. मागून आलेला चेंडू घ्यायचा, मान वळवून मोकळा कोण आहे ते पाहायचे आणि त्याच्या पायात चेंडू द्यायचा. टाळ्या दुसऱ्याला. आपल्याकडे थोरला भाऊ आखातात राबतो आणि धाकट्यांची शिक्षणे, बहिणींची लग्ने, घरावरचा स्लॅब हे सगळे त्याच्या जिवावर होते, तसलेच हे काम.

१९९७ मध्ये महिंद्रा युनायटेडकडून त्यांची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली. भारतीय संघाची जर्सीही अंगावर आली. मग कोलकात्याहून बोलावणे आले, तेही मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही क्लबांकडून. भारतीय फुटबॉलमध्ये याहून मोठे दार त्या काळी नव्हते. पण १९९८ मध्ये या दोन्ही क्लबांशी एका मद्य कंपनीने करार केला होता. क्लबच्या नावापुढेच दारूच्या ब्रँडचे नाव लागले होते. खालिद यांनी दोन्हीकडे नकार कळवला आणि एअर इंडियाच्या संघात गेले. वय होते एकवीस.

आम्ही हे सांगितले तेव्हा मुलगा पहिल्यांदा गप्प झाला. मग म्हणाला, "पण त्यांचं नुकसान झालं ना?"

झाले, नक्कीच झाले असेल. पैशाचेही आणि नावाचेही. हलाल रोजीची गोष्ट मुलांना सांगताना आपण हे नुकसान लपवतो, जणू नकार देणाऱ्याला लगेच दुप्पट मिळते. खालिद यांना तसे मिळाले नाही. २००२ मध्ये ते पुन्हा महिंद्रा युनायटेडमध्ये आले आणि दुखापतींनी त्यांना गाठले. २००५-०६ मध्ये महिंद्राने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, पण ती वर्षे त्यांच्यासाठी मैदानापेक्षा दुखण्याचीच अधिक होती. शेवटचा क्लब मुंबई एफसी. २००९ मध्ये खेळ थांबला. वय बत्तीस. आपल्याकडे या वयात माणूस घरासाठी कर्ज काढतो.

इथे मधल्या फळीतली सवय कामी आली. पाय थकले, तरी मैदान वाचणारी नजर थकली नव्हती. त्याच मुंबई एफसीने त्यांना प्रशिक्षक केले. पैसा बेताचा, खेळाडू बेताचे, तरी सात वर्षे त्यांनी तो संघ वरच्या लीगमध्ये टिकवला. २०१६ मध्ये ते नाते संपले आणि ते दूर मिझोरमला, ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्या हंगामात खालच्या स्थानावर घसरला होता. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली होती. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये १-१ अशी बरोबरी झाली आणि ऐझॉल आय-लीगचे विजेते ठरले. दुसऱ्या क्रमांकावर मोहन बागान होते, अवघ्या एका गुणाने मागे.

पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही ठिकाणी काम केले. तरुणपणी नाकारलेली दारे अशी उघडली. नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर असा प्रवास झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. या पदावर तेरा वर्षांनी भारतीय माणूस बसला. सुरुवातीला मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला हरवून संघाने तिसरा क्रमांक मिळवला. पण पुढच्याच महिन्यात मडगावात सिंगापूरकडून हार झाली आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. कौतुक आणि टीका दोन्ही त्यांच्या वाट्याला आले.

मुलाच्या अब्बांची काळजी खोटी नाही. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरू झाला नाही आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. ज्या घरात महिन्याचा एकच पगार येतो, तिथे बापाने असा विचार करायलाच हवा. पण मुलाला नुसते "नाही" म्हटले की तो वाद मनात धरून बसतो. आम्ही त्याला दोन प्रश्न दिले आणि उत्तरे अब्बांना स्वतः सांगायला सांगितली. तिसाव्या वर्षी पाय थांबले तर काय करशील? आणि कुणाचा पैसा आला तर घेणार नाहीस? दारूचे नाव जाऊन जर्सीवर जुगाराच्या ॲपचे नाव येऊ शकते. आता पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली आहे, पण उद्या तिसरे काही येईल. हा प्रश्न तर डिप्लोमा घेऊन नोकरीला लागणाऱ्या मुलालाही चुकत नाही.

चार दिवसांनी जुम्म्याच्या नमाजनंतर त्याने अब्बांना फोन लावला. बराच वेळ बोलला. ठरले ते असे: बारावीचा अभ्यास सुटणार नाही, चाचणीला मामू बरोबर जातील, निवड झालीच तर आधी क्लबचा करार घरातले वाचतील, निवड झाली नाही तर रुसवा नाही. अम्मीने त्याला एवढेच विचारले, "आणि त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय दिलंस?"

"ते अब्बांना सांगितलंय," तो म्हणाला आणि बूट घेऊन पुळणीकडे निघाला.

वाचकहो, तुमच्या घरातही असा एखादा वाळूच्या पायांचा मुलगा असेल. किंवा मुलगी. "हो" म्हणा किंवा "नाही" म्हणा, पण त्याआधी हे दोन प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. उत्तर शोधायला त्यांना थोडे दिवस द्या.