मूलपेशींची आशा आणि पहिले साडेचार तास

मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह खंडित झाला की काही मिनिटांतच तेथील पेशी मरू लागतात. अर्धांगवायूचा झटका बहुधा असाच येतो. मृत पेशींची हानी मूलपेशी भरून काढतील, ही आशा आज अनेक कुटुंबांना दाखविली जाते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी कर्ज काढूनही ती विकत घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे.

मूलपेशींच्या उपचारांना ख्रिस्तसभेचा सरसकट विरोध आहे, असा गैरसमज आढळतो. विरोध आहे तो मानवी भ्रूण नष्ट करून मिळविलेल्या मूलपेशींना. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून, तिला गंभीर इजा न करता, किंवा जन्मसमयी नाळेच्या रक्तातून घेतलेल्या मूलपेशी ग्राह्य आहेत, असे व्हॅटिकनने 2008 साली 'दिग्नितास पेर्सोने' या दस्तऐवजात स्पष्ट केले.

तथापि, जे नैतिकदृष्ट्या ग्राह्य ते गुणकारी असेलच असे नाही. भारतातील पाच केंद्रांत अर्धांगवायूच्या 120 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. स्वतःच्या अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून देणे सुरक्षित ठरले. परंतु त्या न दिलेल्या रुग्णांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसारखे मान्य उपचार वगळता मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. अशा चाचणीत संशोधनाचा खर्च रुग्णावर लादणे योग्य नाही. म्हणून 'खात्रीचा इलाज' सांगून मोठी रक्कम मागितली जात असेल, तर सावध व्हावे. शुभवर्तमानातील रक्तस्रावाने पीडित स्त्रीने सारे द्रव्य वैद्यांवर खर्च केले होते, तरी तिचे दुखणे वाढतच गेले होते.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांना आज अधिक गरज आहे ती वेळेची. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध योग्य रुग्णाला, मेंदूचे स्कॅन करून, साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच वेळ लक्षात ठेवून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या दारी नेली. त्याच रीतीने हे ज्ञान आणि रक्तदाबाची नियमित तपासणी पाड्यापाड्यांवर नेणे, ही आपल्या धर्मग्रामांची सेवा ठरावी.