परतला, पण किती मिनिटांसाठी?
केव्हिन डी ब्रुइना १३ जानेवारी २०२४ ला न्यूकॅसलच्या मैदानात उतरला, तेव्हा सामन्याची जेमतेम वीस मिनिटं उरली होती. ऑगस्टमध्ये बर्नलीविरुद्ध हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखावल्यापासूनचा त्याचा हा पहिलाच लीग सामना. आल्या आल्या त्याने जमिनीलगत फटका मारून मँचेस्टर सिटीला बरोबरी साधून दिली आणि भरपाईच्या वेळेत बचावफळीच्या डोक्यावरून अलगद टाकलेल्या पासवर ऑस्कर बॉबने विजयी गोल केला. असं काही पाहिलं की फॅन्टसी प्रीमियर लीग हा खऱ्या खेळाडूंचा कल्पित संघ बनवण्याचा खेळ खेळणाऱ्यांना अशा खेळाडूला लगेच संघात घ्यायचा मोह होणारच. पण आधी मिनिटं मोजायला हवीत. साठ मिनिटांच्या आत बाहेर आलेल्याला खेळल्याचा एकच गुण मिळतो, आणि बचावपटूचे क्लीन शीटचे (गोल न स्वीकारल्याचे) चार गुण तर हातचे जातात. दुखापत कसली, हेही तितकंच महत्त्वाचं. गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीमुळे लिव्हरपूलचा बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक दहा महिने बाहेर होता. मात्र पूर्वतयारीचे सामने खेळून तो ऑगस्ट २०२१ मध्ये नॉर्विचविरुद्ध पूर्ण नव्वद मिनिटं उभा राहिला आणि त्या मोसमात ३४ लीग सामने खेळला. चेल्सीच्या रीस जेम्सचं हॅमस्ट्रिंग मात्र २०२३ मध्ये परतल्यावर पुन्हा दुखावलं. स्नायूच्या दुखण्यातून आलेला खेळाडू लागोपाठ दोन सामन्यांत सुरुवातीपासून खेळेपर्यंत थांबावं, आणि आठवड्यात तीन सामने असतील तर त्याला कर्णधार मुळीच करू नये.