गोवर, काढा आणि शरीराची आठवण

2022च्या नोव्हेंबरमध्ये गोवंडीच्या बातम्या रोज येत होत्या. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे 48 तासांत तीन मुले दगावली आणि मग यंत्रणा जागी झाली. केंद्राचे पथक मुंबईत आले. पुढे मालेगाव, भिवंडी ही नावे त्यात जोडली गेली. नावे वाचून टीव्हीवरच्या मंडळींना जे सुचायचे ते सुचले, 'हे लोक लसच घेत नाहीत.' माझ्या डोक्यात त्यावर एक चिडका लेख तयार होत होता. त्याच आठवड्यात आपाचा फोन आला. तिच्या धाकट्याच्या कानामागे पुरळ उठले होते, डोळे लाल झाले होते आणि चार दिवस ताप उतरत नव्हता.

लेख राहून गेला. कारण 'हे लोक' म्हणजे आता माझी सख्खी बहीण होती आणि तिच्या मुलाची लस चुकण्यात माझाही हात होता.

भाचा 2020च्या जूनमधला. लॉकडाऊनचे मूल. नऊ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे 2021च्या मार्चमध्ये, त्याला गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्यायचा होता. कोविडची दुसरी लाट चढत होती. आपाने मला विचारले, ''भाई, लेके जाऊँ क्या?'' मी घरातला शिकलेला. मी म्हणालो, आत्ता गर्दीत कशाला, महिना-दोन महिने थांब. तो महिना नंतर आलाच नाही. नर्सबाई कोविडच्या कामावर, भावजींचे यंत्रमाग बंद, घरात पैशांची ओढाताण. लसीचे कार्ड कपाटात पडून राहिले. गंमत अशी, की त्याच काळात मी आपाच्या घरी जाताना काढ्याची पाकिटे आणि आर्सेनिक अल्बमच्या गोळ्या घेऊन जात होतो. सगळ्यांची 'इम्युनिटी' वाढावी म्हणून.

या एका शब्दाने आपल्याला किती फसवले, यावर आपण अजून नीट बोललेलो नाही. इम्युनिटी म्हणजे जणू पाण्याची टाकी. हळद, गुळवेल, कलौंजी, च्यवनप्राश टाकत राहायचे, पातळी वाढत जाते. बिस्किटापासून साबणापर्यंत सगळ्यांनी त्या दोन वर्षांत हा शब्द विकला आणि आपण घेतला. पण शरीराची प्रतिकारशक्ती ही 'किती आहे' याची गोष्टच नाही. ती ओळखण्याची आणि लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे. नुसती वाढवली तर ती उलटू शकते. संधिवाताच्या एका प्रकारात ती स्वतःचेच सांधे खाते, ॲलर्जीत ती साध्या धुळीवर तुटून पडते. त्या रुग्णांना तर ती आवरण्याची औषधे द्यावी लागतात.

शरीराचा पहिला बंदोबस्त साधा आहे. त्वचा, नाकातला चिकट स्राव, डोळ्यांतले पाणी, जठरातले आम्ल. आत शिरलेल्या जंतूला गिळायला पांढऱ्या पेशी धावतात. जखमेत होणारा पू म्हणजे बहुतांशी लढून मेलेल्या याच पेशी. तापही बाहेरून येत नाही, शरीर स्वतःच आपले तापमान वर नेते. हे सगळे मूल जन्माला येतानाच सोबत आणते. पण ही फौज अडाणी असते. आज आलेला जंतू गेल्या वर्षीही येऊन गेला होता, हे तिला फारसे सांगता येत नाही.

लक्षात ठेवण्याचे काम दुसऱ्या पेशींचे. काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन गळ्यातल्या, काखेतल्या, जांघेतल्या गाठींमध्ये जातात. घसा धरला की गळ्याला गाठी लागतात त्या याच. तिथे असंख्य पेशी आपापल्या ठरावीक साच्यासह वाट पाहत असतात. ज्या पेशीचा साचा त्या तुकड्याला जुळतो, तिच्या हजारो प्रती तयार होतात. त्यातल्या काही प्रतिपिंडे बनवतात, काही रोगट पेशींना मारतात. याला आठवडाभर तरी लागतो. मूल आजारी पडते ते याच आठवड्यात. लढाई संपली की बहुतेक पेशी मरतात, पण थोड्या राहतात. काही अस्थिमज्जेत बसून वर्षानुवर्षे थोडी थोडी प्रतिपिंडे सोडत राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर आठवडा लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिथे टी-पेशींची परीक्षा होते. जी पेशी काहीच ओळखत नाही ती बाद. जी स्वतःच्याच शरीरावर चाल करू पाहते तीही बाद. नव्वद टक्क्यांहून जास्त उमेदवार तिथेच संपतात. आपला कोण आणि परका कोण हे ठरवायला शरीर इतकी काळजी घेते. टीव्हीवरच्या मंडळींचा थायमस कुठे गेला असेल, असे तेव्हा मनात आलेच. असो.

ही आठवण किती टिकते, याचा एक जुना दाखला आहे. डेन्मार्कच्या ताब्यातल्या फेरो बेटांवर 1781 साली गोवर येऊन गेला आणि नंतर 65 वर्षे तिकडे फिरकला नाही. 1846 साली एका बोटीतून तो पुन्हा आला. बेटांवरच्या पावणेआठ हजार माणसांपैकी सुमारे सहा हजार आजारी पडली. सरकारने पीटर पानुम नावाचा पंचवीस वर्षांचा डॉक्टर तिथे पाठवला. गावोगाव फिरून त्याने पाहिले, की 1781 साली ज्यांना लहानपणी गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांना या वेळी काहीच झाले नाही. प्रतिपिंडे कोणाला ठाऊक नसताना त्याने एवढे नोंदवून ठेवले.

त्याच्याही नऊशे वर्षे आधी अल-राझी या हकिमाने गोवर आणि देवी हे दोन वेगळे आजार आहेत हे लक्षणांवरून लिहून ठेवले. त्याच्या ग्रंथाच्या नावातच 'हसबा' म्हणजे गोवर आहे. बगदादच्या रुग्णालयात तो रुग्ण बघून लिहीत असे. मुलांचे रक्त उकळते म्हणून हे आजार होतात, हे त्याचे स्पष्टीकरण चुकीचे ठरले, निरीक्षण मात्र टिकले. आमच्या जलशांमध्ये मुसलमानांच्या सुवर्णयुगावर भाषण असले की अल-राझीचे नाव हमखास येते. टाळ्याही पडतात. त्याच जलशातून घरी परतलेला माणूस मुलाला खसरा झाला की दम केलेले पाणी पाजतो आणि पंधरा दिवस डॉक्टरकडे जात नाही. दुआ जरूर करावी, मीही केली. अल-राझीनेही केली असेल. पण तो नाडी बघणे सोडत नव्हता.

लस म्हणजे हीच आठवण, आजार न होता दिलेली. गोवरच्या लसीत कमजोर केलेला विषाणू असतो, शरीर त्याच्याशी हलकी लढाई करते आणि चेहरा लक्षात ठेवते. नऊ महिन्यांचीच वेळ का, तर त्याआधी आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिपिंडे बाळाच्या अंगात असतात. ती बाळाला वाचवतात, पण लसीतल्या विषाणूलाही मारून टाकतात. ती ओसरली की डोस द्यायचा. दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत, कारण पहिल्याने काही मुलांना पुरेसे संरक्षण मिळत नाही. यातले काहीही काढ्याने होत नाही. काढा घशाला बरा वाटतो, प्यावा. पण गोवरच्या विषाणूचा चेहरा कसा असतो हे गुळवेल शरीराला सांगू शकत नाही.

भाचा दोन आठवड्यांत बरा झाला. आपाने शेजारी खीर वाटली. मग जानेवारीत त्याला न्यूमोनिया झाला आणि पाच दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. मार्चमध्ये जुलाब, मग कान फुटला. त्याआधी हे मूल तसे काटक होते. आपा मला विचारत होती, ''खसरा तो गया ना, फिर ये क्या लगा है पीछे?'' मोहल्ल्यातल्या बायकांचे उत्तर तयार होते, नजर लागली. माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी शोधायला बसलो.

एकट्या भाच्याच्या बाबतीत खात्रीने बोलता येणार नाही. पण गोवरबद्दल जे सापडले ते वाचून मी गप्प झालो. आठवण ठेवणाऱ्या पेशींवर एक विशिष्ट खूण असते. गोवरचा विषाणू नेमकी तीच खूण धरून आत शिरतो. म्हणजे इतर जंतू घरात चोरी करतात, हा दप्तरखाना जाळतो. शरीर गोवरला हरवते आणि गोवरला आयुष्यभर विसरत नाही, पण आधी शिकलेले बरेच काही विसरते. नेदरलँड्समध्ये 2013च्या साथीच्या आधी आणि नंतर लस न घेतलेल्या 77 मुलांचे रक्त तपासले गेले. 2019 साली निष्कर्ष छापून आले. गोवर झाल्यावर त्या मुलांच्या प्रतिपिंडांच्या साठ्यातला 11 ते 73 टक्के भाग नाहीसा झाला होता. लस दिलेल्या मुलांमध्ये असे झाले नाही. त्याआधी 2015 साली इंग्लंड, अमेरिका, डेन्मार्कच्या जुन्या नोंदींवरून दिसले होते, की गोवरच्या साथीनंतर दोन-तीन वर्षे मुले इतर संसर्गांनी जास्त मरतात. पुरळ गेले म्हणून आपण खीर वाटतो तेव्हा हिशोब पुरता मिटलेला नसतो.

नेदरलँड्सची ती मुले कोणाची होती, हेही सांगायला हवे. ती कर्मठ प्रोटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबांतली होती. लस घेणे म्हणजे ईश्वराच्या योजनेत लुडबुड, असे त्यांच्यातले बरेच जण मानतात. श्रीमंत देश, सुशिक्षित माणसे, दाराशी दवाखाना. तेव्हा हा आजार एका धर्माच्या खात्यावर टाकणाऱ्यांनी जरा थांबावे. आणि आमच्यातल्या ज्यांना वाटते की तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे, त्यांनीही आपण एकटेच असे आहोत या भ्रमात राहू नये.

आमच्या वस्त्यांमध्ये अफवा आहेत, हे मी नाकारत नाही. 2018च्या अखेरीस शाळांमध्ये गोवर-रुबेलाची मोहीम आली तेव्हा या सुईने मुले पुढे नापैदा होतील, असे संदेश माझ्याच मोबाइलवर आले. ते पुढे पाठवणाऱ्यांत माझे दोन नातेवाईक होते. त्यांना मी त्या वेळी काही बोललो नाही. वाद कशाला, असे म्हणून सोडून दिले. अफवेपेक्षा माझ्यासारख्यांच्या या गप्प बसण्याने जास्त नुकसान केले, असे मला आता वाटते.

पण सगळे अफवेवर ढकलणे सोयीचे आहे. गोवरचा एक रुग्ण, भोवती कोणालाच संरक्षण नसेल तर, 12 ते 18 जणांना आजार देतो. त्याच्या खोकल्याचे कण बंद खोलीत दोन तास तरंगत राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे झोपत असतील तर काय होणार? विषाणू थांबवायला शंभरातल्या 95 मुलांना तरी संरक्षण लागते. अ जीवनसत्त्व कमी असलेल्या कुपोषित मुलाला गोवर जास्त झोडपतो, म्हणून उपचारात त्या जीवनसत्त्वाचे डोस दिले जातात. आणि लसीकरणाचे सत्र भरते सकाळी, जेव्हा आई कोणाच्या तरी घरी भांडी घासत असते किंवा जरीकाम करत असते. तिने रोजी बुडवून रांगेत उभे राहायचे आणि एखाद्या वेळी ''आज लस संपली'' ऐकून परतायचे. दुसऱ्यांदा ती येत नाही. तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. संध्याकाळी सहानंतर सत्र ठेवणे अवघड आहे, पण मागायचे असेल तर आमच्या नगरसेवकांकडे हेच मागायला हवे. कमानी आणि चौकांची नावे नंतर बघू.

2022च्या त्या साथीत एक बरे झाले. मौलानांना सोबत घेतले गेले, काही मशिदींच्या भोंग्यांवरून लसीची वेळ सांगितली गेली. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस आणि सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस दिला गेला. आमच्याकडे मदरशाच्या तळमजल्यावर टेबल लागले. नाव, वय, कार्ड. मी स्वतः दोन दिवस तिथे यादी लिहायला बसलो होतो, आणि मला सर्वाधिक ऐकू आलेले वाक्य नकाराचे नव्हते. ''हमको किसीने बताया नहीं'' असे ते वाक्य होते.

भाच्याला गोवर होऊन गेला तरी रुबेलासाठी लस हवीच होती. उन्हाळ्यात तो सावरल्यावर मीच त्याला घेऊन गेलो. नर्सबाईंनी कार्ड उलटून पाहिले, दोन वर्षांच्या रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवले आणि विचारले, ''इतके दिवस कुठे होता?'' भाच्याला वाटले त्यालाच विचारत आहेत. तो म्हणाला, ''मामू के घर.''

आपा ते कार्ड आता प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या सोबत ठेवते.