पडदा काळा का पडतो?

जुन्या संगणकाचा पडदा मध्येच काळा पडतो, क्षणभराने पुन्हा उजळतो, आणि घरची मंडळी सांगून मोकळी होतात, 'आता नवाच आणा!' ज्या घरी मुलांचा अभ्यास या एकाच पडद्यावर चालतो, तेथे हा खर्च लहान नव्हे. वाचकहो, वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. येथेही तोच न्याय लावावा.

प्रथम मॉनिटरवरील लहान दिवा पाहावा. पडद्याबरोबर तोही विझत असेल, तर दोष बहुधा वीजपुरवठ्यात असतो. तो लुकलुकू लागला किंवा त्याचा रंग बदलला, तर संगणकाकडून संकेत पोहोचत नाही असे समजावे. अशा वेळी केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी, जमल्यास दुसरी लावून पाहावी. आमच्या टिळकवाडीच्या दमट पावसाळ्यात तिच्या टोकांवर गंज चढण्यास कितीसा वेळ! दिवा तसाच तेवत असेल, तर खोलीत अंधार करून पडद्यावर विजेरीचा तिरपा झोत टाकावा. अक्षरे पुसट दिसली, तर चित्र शाबूत असून केवळ मागचा प्रकाश गेला आहे.

वीजपुरवठ्यातील माथा फुगलेला कपॅसिटर हाही नेहमीचा अपराधी. त्याची किंमत थोडक्या रुपयांची. पण तो बदलणे कारागिराचेच काम. जुन्या रंगीत चित्रनळीच्या मॉनिटरमध्ये तर वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. त्याचे झाकण घरी कदापि उघडू नये.

सर्व उपाय थकले, तरी मॉनिटर उकिरड्यावर टाकू नये. जुन्या सपाट पडद्यांमागील प्रकाशनळ्यांत पारा असतो; तो ई-कचरा संकलन केंद्राकडेच सोपवावा.