शुक्रवारी धक्का, रविवारी वानखेडे

३१ जानेवारी २०२५, शुक्रवार. पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड चौथा टी-ट्वेंटी सामना. भारताच्या डावातल्या शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा उसळता चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. तपासणी झाली आणि दुबे उरलेला चेंडू खेळायला पुन्हा उभा राहिला. मध्यंतरात त्याचं डोकं दुखू लागलं, असं संघाकडून सांगण्यात आलं. त्याच्या जागी हर्षित राणा उतरला, टी-ट्वेंटी पदार्पणातच तीन बळी घेऊन गेला आणि भारत १५ धावांनी जिंकला.

मग इंग्लंडचा कर्णधार बटलर चिडला. बदली खेळाडू त्याच धाटणीचा हवा, असा नियम आहे. दुबे मध्यमगती, तोही कधीमधी टाकणारा. राणा तर अस्सल वेगवान! दोन दिवस चॅनेलांपासून चहाच्या टपरीपर्यंत हाच काथ्याकूट चालला. रविवारी वानखेडेवर पाचवा सामना होता. दुबे खेळला. १३ चेंडूंत ३० धावा, वर दोन बळी. पब्लिक खूश.

मला एवढंच विचारायचं आहे, की शुक्रवारी रात्री मेंदूला धक्का बसल्याची शंका बदली माणूस उतरवण्याइतकी दाट होती, तर ती ४८ तासांत विरली कशी? शंका फिटली, असं उत्तर येईल. नियमालाही शंका पुरते, हे मान्य. पण जी शंका संघाला तीन बळी मिळवून देते, ती कोणी आणि कशाच्या आधारे मिटवली हे कुणी सांगायचं की नाही? धक्का बसला असेल तर रविवारी त्याला खेळवणं हा गुन्हा होता. बसला नसेल, तर शुक्रवारी इंग्लंडला बनवलं गेलं. दोन्हींपैकी काहीही खरं असो, हिशेबात मेंदू नव्हताच. राखीव गोलंदाज होता.

दुबेवर माझा रोष नाही. खेळाडू 'खेळतो' असंच म्हणणार. ज्याच्या डोक्याला मार लागलाय त्यालाच 'ठीक आहेस ना रे?' विचारून निर्णय घेणं म्हणजे झिंगलेल्या माणसाला 'गाडी नीट चालवशील ना?' विचारण्यासारखं. उत्तर नेहमी होच येतं.

आणि आपल्याला तो 'हो' फार आवडतो. जानेवारी १९८१, सिडनी. ऑस्ट्रेलियाच्या लेन पॅस्कोचा चेंडू संदीप पाटीलच्या डोक्यावर बसला, तेव्हा डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तो कोसळला. त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात तो पुन्हा फलंदाजीला आला आणि त्याच महिन्यात ॲडलेडला त्यानं १७४ ठोकल्या. ही कथा सांगताना दादर-माहीमच्या काकालोकांची छाती आजही फुगते. खेळी अफाट होती, वादच नाही. पण दुसऱ्या डावात आणखी एक चेंडू डोक्यावर बसला असता तर? या प्रश्नाला कट्ट्यावर कधी चहासुद्धा मिळाला नाही.

'सीटी स्कॅन नॉर्मल आला' हे आपल्याकडचं सर्वांत घातक वाक्य. सीटीत हाड मोडलेलं दिसतं, रक्तस्राव दिसतो. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का, दिसत नाही, कारण त्यात बिघडतं ते पेशींचं कामकाज. बेशुद्ध पडायलाच हवं, हीही अशीच एक समजूत. बहुतेक खेळाडू बेशुद्ध पडत नाहीत. ते चुकीच्या बाजूला जाऊन उभे राहतात, तोच प्रश्न पुन्हा विचारतात, उजेडाकडे बघून डोळे मिटतात, विनाकारण चिडतात. आणि लक्षणं वेळापत्रक पाळत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू लागून ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ पडला, चाचण्या पास झाला, परत येऊन ९२ पर्यंत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास सुरू झाला. जगातल्या सर्वांत सुसज्ज संघांपैकी एकाच्या डॉक्टरांची ही कथा. आमच्या जिल्हास्तरीय शालेय कबड्डीत काय असतं? बर्फाची पिशवी आणि गार फवाऱ्याचा डबा.

चढाईवर गेलेल्या पोराची पकड करताना दोन डोकी आपटतात. पोरगं भेलकांडतं. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा हुंगवतं, सर ओरडतात, 'काही नाही झालं, ऊठ!' आणि ते उठतं, कारण पुढं राज्य पातळी आहे, दहावीचे वाढीव गुण आहेत, नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहे. या वयातला मेंदू सावरायला मोठ्यांपेक्षा जास्त वेळ घेतो. पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला झपाट्यानं सूज येऊ शकते. असं क्वचित घडतं, पण घडलं की जिवावर बेततं.

उपाय काय, तर फुकटातला. शंका आली की मैदानाबाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. सामना अंतिम असला तरी नाही. 'आपण कुठल्या मैदानावर आहोत? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना कुणाशी झाला?' असे प्रश्न कुणीही विचारू शकतं. मात्र उत्तरं बरोबर आली म्हणून सोडून द्यायचं नाही. एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग चालणं, मग हलकं धावणं, मग एकट्याचा सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीनं अंगाला अंग लागणारा सराव, आणि सगळ्यात शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास वाढला की तिथंच थांबायचं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यानं २००९ मध्ये शाळकरी खेळाडूंना शंका येताच बाहेर काढण्याचा कायदा केला आणि पाच वर्षांत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. आपण अजून 'ऊठ'वरच आहोत.

आयसीसीनं २०२५ च्या मध्यावर नियम बदलला. बदली खेळाडूंची नावं आता आधीच द्यायची. कन्कशनचं निदान झालं तर किमान सात दिवस बाहेर. छान. म्हणजे राणाचा प्रश्न सुटला. निदानच न करता शंकेवर भागवलं तर काय, हे विचारणारा मी कोण!

स्पर्धेच्या प्रवेशअर्जाखाली मात्र आपण न विसरता छापतो, 'इजा झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.' पालक सही करतात. त्याच अर्जावर एक रकाना वाढवा: डोक्याला मार लागल्यास मुलाला बाहेर काढण्याचा अंतिम अधिकार कोणाचा? नाव, फोन, सही. तिथं प्रशिक्षकाचं नाव लिहिलं असेल तर अर्ज बाद.